वाढत्या डुकराचा आहार : स्निग्ध पदार्थ व चोथा

डुकराचें नांव काढतांच नाक मुरडण्याची आपणांपैकीं पुष्कळांस संवय असते. परंतु शरीरशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्राणी फार महत्त्वाचा वाटतो. गाईबैलांप्रमाणें त्याच्या पोटाचे चार कप्पे नसतात. आपल्याप्रमाणेंच त्यास एक जठर असतें, आणि धान्य, कंद, मांस असें सर्व कांहीं तें खातें. यास्तव त्याच्या पचनाचा अभ्यास मनुष्याच्या पचनावरहि प्रकाश पाडतो. शिवाय डुकरें पाळणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. कोणतें खाद्य किती अंगीं लागतें, हा त्याच्या पोटापाण्याचाच प्रश्न होय.

एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन यांपासून सुमारें ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारें ९. म्हणून खाद्यांत तेल किंवा चरबी मिसळतात. परंतु जें खाल्लें तें सर्व पचलें असें नव्हे. जठरांतून अन्न लहान आतड्यांत उतरलें म्हणजे यकृतांतून येणारें पित्त तेलाच्या मोठ्या थेंबांचे बारीक कण करतें. साबणानें ताटाचा तेलकटपणा सुटतो, तशांतलाच हा प्रकार. मग स्वादुपिंडाच्या रसांतील लायपेज नांवाचा पाचक पदार्थ त्या कणांस फोडतो, आणि निघालेलीं स्निग्धाम्लें पित्ताच्या आधारानें आतड्याच्या भिंतीपर्यंत पोंचून शोषलीं जातात.

आतां पचन मोजावयाचें कसें ? खाद्यांतील स्निग्धांतून विष्ठेंतील स्निग्ध वजा करावें, म्हणजे झालें, असें कोणासहि वाटेल. पण येथें एक फसगत आहे. विष्ठेंतील सर्व स्निग्ध खाद्यांतून आलेलें नसतें. पित्ताचा अंश, आतड्याच्या झडलेल्या पेशी व मोठ्या आतड्यांतील जंतूंचीं शरीरें यांतहि तें असतें. समजा, खाद्यांतील स्निग्धापैकीं शेंकडा ९५ खरोखर पचतें, व दर किलो खाद्यामागें ५ ग्रॅम स्निग्ध शरीरांतूनच विष्ठेंत जातें. किलोभर खाद्यांत २० ग्रॅम स्निग्ध असेल तर न पचलेलें १ व शरीराचें ५ मिळून ६ ग्रॅम बाहेर पडेल; पचन शेंकडा ७० दिसेल. खाद्यांत १०० ग्रॅम असेल तर ५ व ५ मिळून १० ग्रॅम बाहेर पडेल. पचन शेंकडा ९० दिसेल. पचनशक्ति तीच, हिशेब मात्र निराळा ! पहिल्यास ‘दृश्य’ व शरीराचा वांटा वगळून काढलेल्या पचनास ‘खरें’ पचन म्हणतात.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाढत्या डुकरांस मक्याचें स्निग्ध दोन रूपांनीं दिलें : एक काढलेलें तेल, दुसरें मक्याच्या अंकुरांत असलेलें तेल. काढलेल्या तेलाचें खरें पचन शेंकडा नव्वदाहून अधिक झालें. अंकुरांतील तेलाचें पुष्कळच कमी. कारण उघड आहे. घाण्यावरचें तेल आणि शेंगदाण्यांतलें तेल एकच असलें, तरी दाण्यांतलें तेल पेशींच्या भिंतींआड कोंडलेलें असतें, आणि पाचक रसांस त्या भिंती सहज ओलांडतां येत नाहींत.

या भिंती म्हणजेच चोथा. चोथ्याचे प्रकार अनेक आहेत. ओट व जव यांतील कांहीं चोथा पाण्यांत विरघळून अन्नरस चिकट करतो, त्यामुळें पित्त व लायपेज यांचें काम मंदावतें. कोंड्यासारखा न विरघळणारा चोथा अन्नास पुढें लवकर ढकलतो. उलट, वरील प्रयोगांत शुद्ध करून निराळा मिसळलेल्या चोथ्यानें स्निग्धाच्या पचनांत फारसा फरक पडला नाहीं. तेव्हां ‘चोथा वाढला कीं स्निग्ध वायां गेलें’ असा सरसकट नियम करणें बरोबर नव्हे. चोथा कोणत्या जातीचा आहे, आणि तो स्निग्धाच्या शेजारीं आहे कीं त्यास वेढून आहे, हें पाहिलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मोठ्या आतड्यांतील जंतु चोथ्यावर वाढतात व आपल्या शरीरांत स्वतःचें स्निग्ध तयार करतात. तें विष्ठेंत जाऊन चोथ्याच्या खाद्यावर नाहक ठपका येतो. म्हणून संशोधक लहान आतड्याच्या शेवटीं नळी बसवून तेथील अन्नरसहि तपासतात.

यावरून पाळणाऱ्यानें काय घ्यावें ? स्निग्धयुक्त धान्य बारीक दळून द्यावें, म्हणजे भिंती फुटतात. नुकतेंच दूध तुटलेल्या पिलास स्निग्ध नीट पचत नाहीं; वय वाढेल तशी ती शक्ति वाढते, हें ध्यानांत ठेवावें. आणि एखाद्या खाद्याचे आंकडे वाचतांना ते दृश्य पचनाचे कीं खऱ्या, हें आधीं विचारावें. नाहींतर चांगलें खाद्य टाकून महाग खाद्य विकत घेण्याची पाळी येईल.

विद्यार्थ्यांनीं आतां स्वतः एक उदाहरण करून पाहावें. वरील रीतीनेंच किलोभर खाद्यांत ४० ग्रॅम स्निग्ध असल्यास दृश्य पचन शेंकडा किती ? उत्तर ८२.५ आलें, तर हा धडा समजला असें मानावयास हरकत नाहीं.