अंग उतरणे : कागद काय सांगतो, बाई काय सांगते

आंबिया बहार भरला की संत्र्याच्या फांद्या वाकतात. वाकलेली प्रत्येक फांदी मोडत नाही. जिला भार सोसत नाही, तिलाच आपण बांबूचा टेका देतो. अंग उतरण्याच्या आजाराचेही तसेच आहे. लोधीखेड्याच्या एखाद्या भगिनीने सोनोग्राफीच्या कागदावर ‘मूत्राशय खाली उतरले आहे’ असे वाचले, की आता पिशवी काढावी लागणार या भीतीने ती खचते. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी हाडापासून सुटते. मग मूत्राशय, गर्भपिशवी किंवा गुदाशय खाली सरकते. जोर करायला लावून केलेल्या सोनोग्राफीत ओटीपोटाच्या पुढील हाडाच्या कडेखाली मूत्राशय सुमारे १० मिलिमीटर किंवा गुदाशय १५ मिलिमीटर उतरलेले दिसले, तर त्रास असण्याचा संभव वाढतो. त्याहून कमी उतरणे पुष्कळ मातांत आढळते. त्यांना काही जाणवतही नाही.

खरी खूण म्हणजे योनीच्या तोंडाशी गाठीसारखे काही हाताला लागणे. नुसती कंबरदुखी दुसऱ्या कारणानेही असू शकते.

उलटही घडते. सकाळी निजवून, जोर न लावता तपासले तर कागद स्वच्छ येतो. पण दिवसभर कपाशी वेचून संध्याकाळी अंग खाली येते. तेव्हा बाई खोटे बोलते असे घरच्यांनी समजू नये.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीकडील दोन गावांत ६५० स्त्रियांची सर्व स्त्रीरोगांसाठी तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत आजार आढळला. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांचीच होती. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणून विचारणे आणि तपासणे, दोन्ही हवे.

भगिनींनो, हे ध्यानात ठेवा :

१. त्रास केव्हा होतो, कोणत्या कामाने वाढतो, ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

२. त्रास नसेल तर केवळ कागदावरून शस्त्रक्रिया करू नका. आधार सैलच राहिला तर पिशवी काढूनही मूत्राशय पुन्हा उतरू शकते.

३. लघवी रोखताना आवळतात तसे ते स्नायू रोज आवळण्याचा व्यायाम शिकून घ्या. बद्धकोष्ठ व जुना खोकला यांवर उपचार करा. जड ओझे टाळा. आधाराची रिंगही बसवता येते.

४. लघवी अडली, रक्त गेले किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्या पुरुषांनी संत्र्याचे क्रेट आणि पाण्याचे हंडे स्वतः उचलावेत. हाही एक टेकाच आहे.