मृगापूर्वी जलपर्णीची पाहणी

वैशाखअखेर उजनी धरणाचे पाणी मागे सरून गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात, ओढ्यांचे डोह आकसतात आणि वर्षभर फोफावलेली जलपर्णी, म्हणजेच आपले केंदाळ, काठच्या चिखलाला येऊन टेकते. तिच्या उपद्रवाचा अदमास घेण्यास याहून सोयीचा काळ नाही. कारण मृगाचा पहिला लोंढा आला की वरच्या गावचे तण खालच्या गावच्या बंधाऱ्यात येऊन अडकते आणि बंदोबस्ताची वेळ निघून जाते.

दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आली, आणि तेथील जलमार्गांची व भातशेतीची तिने अशी दैना केली की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

पाहणी करताना केवळ व्याप्तीवर भिस्त ठेवू नये. एकाकी शेततळ्यातील मोठ्या थरापेक्षा सांडपाण्याच्या नाल्याच्या मुखाशी असलेला लहानसा पुंजका अधिक घातक ठरू शकतो, कारण तेथे नत्र व स्फुरद यांचा रतीब अखंड चालू असतो आणि अशा पाण्यात, उष्ण हवेत, तिची संख्या सुमारे पंधरवड्यात दुप्पट होते. वाढीचा वेग जोखण्यासाठी बांबूची चौकट पाण्यावर तरंगत बांधून तीत मोजकी रोपे सोडावीत आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावीत. त्याचबरोबर मोटारीच्या फुटव्हॉल्व्हभोवती मुळे किती गुंततात, थराखालच्या पाण्याला दुर्गंधी येते काय आणि मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात काय, याचीही नोंद ठेवावी. शेवटचे लक्षण प्राणवायूच्या टंचाईचे असते.

काढणी फुलोऱ्यापूर्वी आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून करावी. तुटलेल्या धुमाऱ्यापासून नवे रोप तयार होते, म्हणून खाली जाळे लावावे आणि ढीग पूररेषेबाहेर रचावेत. बी चिखलात वर्षानुवर्षे टिकत असल्याने एका काढणीने समाधान मानू नये. शहरी वा कारखान्याच्या सांडपाण्यातील जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचे खत भाजीपाल्यास घालू नये. तणनाशकाने एकाच वेळी मेलेला थर कुजून प्राणवायू संपवितो, शिवाय पाणी पिण्याचे असल्यास धोका दुहेरी. म्हणून तो मार्ग तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून स्वीकारू नये. १९८० च्या दशकात भारतात आणलेले निओचेटिना भुंगेरे पाने व देठ पोखरून तिला क्षीण करतात. परंतु त्यांचा परिणाम दिसण्यास काही वर्षे लागत असल्याने यंदाच्या काढणीची तजवीज त्यांच्या भरवशावर लांबवू नये.

नदीकाठच्या गावांनी ही पाहणी एकाच आठवड्यात करून तिचा तपशील ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावा आणि वरच्या व खालच्या गावांस कळवावा. वरच्या गावाने हयगय केल्यास खालच्या गावाची मेहनत एका पुरात व्यर्थ जाते.