सार्वजनिक सायकल-दुरुस्तीस्थान

मुलांनो, केडगाव हे पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. शाळेस येताना सायकलीच्या चाकात बाभळीचा काटा रुतला आणि दुकान बंद असले, तर पहिला तास बुडतो. अशा वेळी उपयोगी पडेल असे दुरुस्तीस्थान शाळेच्या फाटकाजवळ उभारता येते.

त्यासाठी सिमेंटच्या पायात लोखंडी खांब घट्ट रोवावा. त्याच्या आडव्या दांड्यांवर सायकल टांगली, म्हणजे चाक मोकळे फिरते. पाने, पेचकस व टायर उचकटण्याच्या पट्ट्या तारेच्या दोराने खांबास बांधाव्यात. शेजारी पंप व पाण्याचे घमेले ठेवावे.

पंक्चर काढणे अवघड नाही. ट्यूब बाहेर काढून तीत हवा भरावी व ती पाण्यात बुडवावी; बुडबुडे येतील तेथे छिद्र जाणावे. ती जागा कोरडी करून घासावी, सोल्युशन लावावे आणि ते सुकत आले की रबरी ठिगळ दाबून बसवावे. मात्र ट्यूब परत घालण्यापूर्वी टायर आतून जपून चाचपावा. काटा तेथेच राहिला, तर सारे श्रम व्यर्थ!

या कामात कमीपणा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यांनीच पुढे लोखंडी नांगर बनविले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली.

तारेचा दोर अवजारे बांधून ठेवील. त्यांना गंजापासून तो वाचवू शकणार नाही. जे सर्वांचे, ते राखण्याचा भारही सर्वांवर असतो. म्हणून काम उरकल्यावर पाना पुसून जागेवर ठेवा. मागून येणाऱ्याचा तास त्यावर अवलंबून आहे.