पायरीचा व्यायाम : पक्का आधार आणि डळमळीत आधार

पायरीवर चढणे-उतरणे हा व्यायाम दिसावयास साधा, अल्पखर्चाचा आणि बहुतेक सर्व वयोगटांस उपयुक्त आहे. अलीकडे पायरीवर फोमची गादी किंवा हवा भरलेली रबरी चकती ठेवून तो करण्याची प्रथा पडली आहे. तिने नेमके काय साधते, हे व्यायामशिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

चढताना एक पाय उचलताच शरीराचा सर्व भार दुसऱ्या पायावर येतो आणि गुरुत्वमध्य एका तळव्याच्या आधारावर राखावा लागतो. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना यांच्या साहाय्याने मेंदू हे कार्य करतो. आधार डळमळीत असला की तळव्याकडून मिळणारी सूचना अनिश्चित होते व घोट्याभोवतालचे स्नायू सतत तोल सावरू लागतात. हाच तोलाचा सराव होय.

बलाची गोष्ट निराळी आहे. तोल जाऊ नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. रस्सीखेचीत दोन्ही संघ जोर लावीत असूनही दोर जागचा हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. श्रम वाढतात; परंतु शरीर वर उचलणारे बल घटते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, हवेच्या मोठ्या चेंडूवर बसून गुडघा सरळ करताना लावता आलेले बल स्थिर आसनाच्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी कमी भरले. पोटरीच्या स्नायूंत ही घट सुमारे २० टक्के होती. हा प्रयोग पायरीवरील नसला, तरी तत्त्व तेच आहे.

यावरून पुढील धोरण ठेवावे. मांड्यांची शक्ती वाढवावयाची असल्यास पायरी पक्की असावी. उंची किंवा भार क्रमाक्रमाने वाढवावा. तोल सुधारावयाचा असल्यास प्रथम जमिनीवरील गादीवर दोन्ही पायांनी, नंतर एका पायाने उभे राहावे. ते साधल्यावरच गादी ठेवलेल्या ठेंगण्या पायरीकडे वळावे. वृद्धांनी, तसेच घोटा मुरगळून बरा झालेल्यांनी भिंतीचा किंवा कठड्याचा आधार हाताशी ठेवावा. उतरताना विशेष सावध असावे.

पाय थरथरले, घाम अधिक आला, म्हणजे शक्ती वाढली असे समजू नये. हेतू आधी ठरवावा आणि मग आधार निवडावा.