जवसाच्या शेतांतून उभी राहिलेली चर्च



फ्रान्समधील चर्च म्हटले की पॅरिसचे नोत्रदाम, शार्त्रचे कॅथेड्रल किंवा लूर्ड ही नावे आपल्याला चटकन आठवतात. राजे, बिशप आणि असंख्य यात्रेकरू यांच्या पाठबळावर ही भव्य मंदिरे उभी राहिली. आज आपण शेतकऱ्यांनी आणि विणकरांनी उभारलेल्या चर्चची ओळख करून घेऊ या. ही चर्च फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील फिनिस्तेर भागात आहेत. मोर्ले बंदरापासून फार दूर नसलेली सँ-तेगोनेक, गिमिलियो आणि लांपोल-गिमिलियो ही तीन गावे एका दिवसात आरामात पाहून होतात.

एवढ्याशा खेड्यांना एवढा पैसा आला कोठून? त्याचे उत्तर जवसात आहे. जवसाच्या काडीपासून धागा निघतो आणि त्या धाग्याचे लिनन होते. बियाणे बाल्टिक समुद्राकडून जहाजाने रोस्कॉफच्या बंदरात येई. शेतकरी जवस पिकवीत, सूत काढीत आणि ओढ्याकाठच्या ‘कान्दी’ नावाच्या छोट्या धुलाईघरांत ते सूत उकळून, धुऊन पांढरे करीत. त्याचे कापड मोर्लेहून इंग्लंड आणि स्पेनला जाई. १५व्या शतकापासून १७व्या शतकाच्या अखेरपर्यंत या व्यापाराने खेड्यांत सुबत्ता आणली. काही शेतकरी तर व्यापारीच बनले.

हा पैसा चर्चच्या कामी कसा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक धर्मग्रामात ‘फाब्रिक’ नावाची समिती असे. गावातीलच लोक तिचे कारभारी. दाने, मृत्युपत्राने मिळालेल्या जमिनी आणि त्यांचे उत्पन्न यांचा हिशेब ती ठेवी. कोणत्या कारागिराला बोलवायचे, वेदी कशी घडवायची, घंटा केवढी ओतायची, हे बहुतांशी हीच मंडळी ठरवीत. शेजारच्या गावाने नवा मनोरा बांधला की आपलाही हवा, अशी ईर्ष्या त्यांच्यात होतीच, ती लपवण्यात अर्थ नाही. देवाच्या गौरवासाठी आणि शेजाऱ्याला दाखवण्यासाठी, अशा दोन्ही हेतूंनी ही कामे झाली.

या बांधणीला ‘धर्मग्रामाचे आवार’ म्हणतात. चर्च एकटे उभे नसते. भोवती दगडी कुंपण असते आणि आत शिरायला कमानीचा मोठा दरवाजा. सँ-तेगोनेकची कमान १५८७ ते १५८९ या काळातली आहे. रोजची गुरे-ढोरे, बाजार, भांडणे कमानीबाहेर. आत पवित्र भूमी आणि गावाचे पूर्वज. मिस्सेला येणारा या कमानीखालून येई आणि त्याची अंत्ययात्राही तिच्याखालूनच जाई.

आत गेल्यावर नजर खिळते ती कालवारीवर. हा नुसता क्रूस नव्हे. दगडी चौथऱ्यावर प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग मूर्तिरूपाने मांडलेले असतात आणि त्यांच्यावर उंच क्रूस असतो. गिमिलियोची कालवारी १५८१ ते १५८८ या काळात घडवली गेली. तिच्यावर सुमारे २०० मूर्ती आहेत. प्रभूचा जन्म, मिसर देशात पलायन, शेवटचे भोजन, पायधुणी असे सारे तेथे आहे. आश्चर्य म्हणजे पुष्कळ मूर्तींचे कपडे त्या काळच्या लोकांसारखे आहेत. अक्षर न ओळखणाऱ्या भाविकांसमोर धर्मगुरू एकेका प्रसंगाकडे बोट दाखवून प्रवचन करीत. म्हणजे हा धर्मशिक्षणाचा उघड्यावरचा वर्गच होता.

गिमिलियोच्या कालवारीवर एक प्रसंग मात्र शुभवर्तमानातला नाही. नाचगाण्याच्या नादाने वाया गेलेली आणि पवित्र ख्रिस्तशरीर चोरणारी कातेल गोलेत नावाची तरुणी ब्रिटनीच्या लोककथेत आहे. तिला सैतान नरकाच्या जबड्यात ओढत आहेत. माझ्या मते गावच्या आयाबायांनी मुलींना सर्वांत जास्त वेळा दाखवलेला कोपरा हाच असावा!

सँ-तेगोनेकची कालवारी १६१० सालची. तिच्या खालच्या बाजूस गावाच्या संताची छोटी मूर्ती आहे. चर्चसाठी दगड वाहून नेणाऱ्या गाडीचे जनावर लांडग्याने खाल्ले, तेव्हा संत तेगोनेक यांनी त्या लांडग्यालाच गाडीला जुंपले, अशी दंतकथा आहे. मूर्तीसोबत तो लांडगा आणि ती गाडी दिसते. या शिल्पांसाठी ‘केर्सांतों’ नावाचा करडा-काळसर दगड वापरला आहे. ब्रेस्टच्या खाडीकाठी तो मिळतो. बारीक कोरीवकाम त्यात चांगले उठते आणि शतकानुशतकांच्या पावसातही ते झिजत नाही. चार शतके उघड्यावर राहूनही चेहऱ्यांवरचे भाव दिसतात, ते यामुळेच.

कालवारीच्या बाजूला अस्थिगृह असते. त्या काळी प्रेते चर्चच्या फरशीखाली पुरीत. जागा संपली की जुन्या अस्थी काढून आदराने या इमारतीत ठेवीत. सँ-तेगोनेकचे अस्थिगृह (१६७६ ते १६८२) एखाद्या स्वतंत्र चॅपेलइतके देखणे आहे. त्याच्या तळघरात प्रभूला कबरेत ठेवण्याचा प्रसंग लाकडी, रंगवलेल्या मूर्तींत साकारला आहे. मृत माणसे गावाबाहेर गेली नव्हती. दर रविवारी चर्चला जाताना त्यांच्याजवळूनच जावे लागे. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपणास हे परके वाटू नये.

चर्चच्या दक्षिणेकडील ओसरीत बारा प्रेषितांच्या मूर्ती आणि दगडी बाके असतात. फाब्रिकची मंडळी येथेच बसून हिशेब करीत. बारा साक्षीदारांसमोर हिशेब, ही कल्पना मोठी छान आहे. आतल्या वस्तूंचे वर्णन करीत बसलो तर पत्रिकेची पाने पुरायची नाहीत. गिमिलियोतील स्नानसंस्काराच्या कुंडावरचे ओकचे नक्षीदार छत १६७५चे, तर सँ-तेगोनेकचे प्रवचनपीठ १६८३चे. गिमिलियोचा ऑर्गन डॅलम घराण्याने बनवला. हे घराणे कॅथलिक असल्यामुळे इंग्लंड सोडून ब्रिटनीत आले होते.

१७व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडशी युद्धे आणि जकातींमुळे लिननचा व्यापार बसला व बांधकामेही थांबली. एका परीने हे बरेच झाले. पैसा असता तर नव्या पद्धतीची चर्च बांधण्यासाठी जुनी पाडली गेली असती. लांपोल-गिमिलियोच्या मनोऱ्यावर १८०९ साली वीज पडून त्याचे टोक कोसळले. मनोरा आजही छाटल्यासारखा दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ही चर्च आज कोणाची? १९०५च्या कायद्याने फ्रान्समध्ये राज्यसंस्था आणि ख्रिस्तसभा वेगळ्या झाल्या. फाब्रिक बरखास्त झाल्या. चर्चच्या मालमत्तेसाठी कायद्याने सुचवलेल्या नव्या मंडळांना पोप दहावे पायस यांनी १९०६ मध्ये मान्यता नाकारली. परिणामी पूर्वीपासून असलेली गावोगावची चर्च ग्रामप्रशासनाच्या मालकीची राहिली. १९०७च्या कायद्याने ती भाविक आणि धर्मगुरू यांच्या उपासनेसाठी खुली ठेवली. म्हणजे मिस्सा धर्मगुरूंची, छप्पर गावाचे. ज्यांच्या पूर्वजांनी सूत विकून चर्च बांधले, त्यांना ते कायद्याने वापरायला मिळते, मालकीने नव्हे.

ही व्यवस्था वाटते तितकी वाईट नाही, कारण दुरुस्तीचा भार केवळ दानपेटीवर पडत नाही. जून १९९८ मध्ये सँ-तेगोनेकच्या चर्चला मोठी आग लागली, तेव्हा पुढे अनेक वर्षे जीर्णोद्धार चालला आणि चर्च पुन्हा उभे राहिले. ते संरक्षित स्मारक असल्याने सरकारचे लक्ष होते. नाव नसलेल्या चर्चचे काय? शे-दोनशे वस्तीच्या गावाला गळक्या छपराचा खर्च झेपत नाही. एकेका धर्मगुरूकडे अनेक गावे असल्याने कित्येक चर्चमध्ये दर रविवारी मिस्सा होत नाही. फ्रान्सच्या सिनेटच्या २०२२ मधील अहवालात २०३०पर्यंत २,५०० ते ५,००० धार्मिक वास्तू पाडल्या, विकल्या किंवा सोडून दिल्या जाण्याचा धोका नोंदवला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी लहान गावांतील अशा वास्तूंसाठी देशव्यापी निधी जाहीर केला. चार वर्षांत २० कोटी युरो जमवण्याचे उद्दिष्ट ठेवून ते काम एका वारसा प्रतिष्ठानाकडे सोपवले. १० हजारांहून कमी लोकवस्तीची गावे त्यासाठी पात्र ठरली आणि देणगीदारांना करात मोठी सवलत मिळाली. देणगी देण्यासाठी कॅथलिक असण्याची अट नव्हती.