जपायला शिकले, आता मांडू कशी?

प्रश्न : सायबर सुरक्षेतली पदवी यंदा हातात पडेल. शेवटच्या सत्रात चार वर्षांच्या शिक्षणाचा आढावा लिहून स्वतःचा ऑनलाइन पोर्टफोलिओ करायचा आहे. स्वतःची माहिती बाहेर जाऊ देऊ नका, असं आम्हाला चार वर्षं बजावलं. आता तीच जगापुढे ठेवायची? शिवाय प्रमाणपत्रं सोडली तर माझ्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तुमची पहिली शंका मला फार आवडली. दुकानदार सकाळी फळी उघडतो, पण गल्ला उघडा टाकत नाही. नाव, शहर आणि कामापुरता वेगळा काढलेला ईमेल पत्ता एवढं पोर्टफोलिओला पुरतं. जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल नंबर यांचं तिथे काही काम नाही. पुष्कळ मुलं गुणपत्रिका स्कॅन करून जशीच्या तशी चढवतात. तिच्यावर आईचं नाव, बैठक क्रमांक, पीआरएन, सगळं असतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, तेही काढून टाका. तुमचं पान उघडणारा जाणकार माणूस आधी हेच बघतो.

आता दाखवायचं काय? महिनाभरासाठी एक स्वस्त क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर लिनक्स टाका, एसएसएच चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लॉगिनचा लॉग उघडा. पत्ता कुणाला सांगितलेला नसतानाही ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ ही ओळ पानामागून पान दिसेल. मग अ‍ॅडमिन, टेस्ट, उबुंटू, ओरॅकल अशी नावं घेऊन बघितलेली दिसतील. तुमच्यावर कुणाचा राग नाही. सगळं इंटरनेट चाळत बसलेल्या यंत्रांचं ते रोजचं काम आहे. किती पत्त्यांवरून प्रयत्न झाले, कोणती नावं वापरली, ते मोजा. पासवर्डने येण्याची वाट बंद करून फक्त कीने प्रवेश ठेवा आणि पुन्हा लॉग बघा. दार ठोठावणं सुरूच राहील, पण अंदाजाने पासवर्ड टाकून आत येणं संपलेलं असेल. ते पाहून तुम्हाला जे वाटलं तेही लिहा. अशी स्वतः मोजलेली दोन पानं मी दहा प्रमाणपत्रांच्या वर ठेवतो.

आढाव्यात ‘या पदवीने मला खूप काही दिलं’ हे वाक्य कृपा करून नको. आपलं कुठे चुकत होतं ते लिहा. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला तुम्ही अभ्यासला असेल. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर वेगवेगळ्या देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते आणि त्यांना मंजुरी मिळत होती ती हल्लेखोरांनी मध्येच उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेकडून. पहिल्या वर्षी हे वाचताना तुम्ही कशाला दोष दिला होता? आज कोणत्या टप्प्यावर धोक्याची घंटा वाजायला हवी होती असं म्हणाल? या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुमची चार वर्षं.

गिटहबवर काम ठेवणार असाल तर मागचा इतिहास स्वतः तपासा. एका उमेदवाराची स्क्रिप्ट मला अगदी नीटनेटकी वाटली होती. सहज जुने बदल उघडले, तर डेटाबेसचा पासवर्ड तिथे शाबूत! नंतरच्या कमिटमध्ये त्याने तो पुसला होता, पण गिट आधीची प्रत सांभाळून ठेवतं. असं झालं तर आधी पासवर्ड बदलायचा, मग इतिहास साफ करायचा, हाच क्रम.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. कॉलेजच्या किंवा कुणाच्याही पोर्टलमध्ये परवानगीशिवाय शिरून ‘मी त्रुटी शोधली’ असं मिरवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सरावाला पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे, ओवास्पचं ज्यूस शॉप तर फोडण्यासाठीच बनवलेलं आहे. सहज वापरताना खरी त्रुटी दिसलीच तर त्या संस्थेला किंवा सर्ट-इनला कळवा आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याबद्दल काही लिहू नका.

पान तयार झालं की वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला द्या. एवढ्यावरून अर्ध्या तासात तुमच्याबद्दल आणखी काय काय सापडतं, ते तिला शोधू दे. तिला काय मिळालं, तपशील वगळून फक्त प्रकार, आणि मग तुम्ही कोणती फट कशी बुजवली, हे पोर्टफोलिओतलं शेवटचं टिपण करा.