चादरीखालचा पिवळा त्रिकोण

नवजात बालकाची कातडी व डोळ्यांतील पांढरा भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसू लागतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिले असेल. पूर्ण दिवसांच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६० आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे ८० बालकांना पहिल्या आठवड्यात अशी कावीळ होते.

हा पिवळा रंग येतो कोठून? रक्तातील तांबड्या पेशी ठरावीक काळाने मोडतात. त्यांतील हीमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. यकृत त्याला विद्राव्य बनवते आणि मग तो पित्तावाटे बाहेर पडतो. नवजात बालकाच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात. शिवाय त्याचे यकृत पुरते कामाला लागलेले नसते. साहजिकच बिलिरुबिन साठते. बहुतेक बालकांत ते आपोआप कमी होते; पण फार वाढले तर मेंदूला कायमची इजा करते. १९५० च्या सुमारास अशा वेळी बालकाचे रक्त थोडे थोडे काढून त्याजागी दुसरे भरावे लागे. तान्ह्या जिवाला हा उपाय धोक्याचाच होता.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड या परिचारिका सांभाळत. मोकळी हवा व ऊन बालकांना मानवते, असे त्यांचे मत होते. म्हणून ऊबदार दिवशी त्या बालकांना अंगणात नेत. १९५६ साली डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांनी एक बालक उघडे करून दाखवले. त्याचे अंग फिकट होते, पण एक त्रिकोणी भाग गडद पिवळा होता. तेथे काही औषध लावले असेल, असे डॉक्टरांना वाटले. सिस्टर वॉर्ड यांनी वेगळा उलगडा केला. बालकाला कावीळच होती. त्रिकोणावर चादरीचे टोक आले होते, म्हणून तो पिवळा राहिला आणि ऊन लागलेला बाकीचा भाग फिका पडला.

पुढे तेथेच आणखी एक गोष्ट घडली. कावीळ झालेल्या बालकाच्या रक्ताची नळी काही तास खिडकीत उन्हात राहिली. तिच्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. ताज्या रक्तात मात्र ते जास्त आढळले. आता संशय उरला नाही. क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्‌स यांनी निळ्या नळीदिव्यांचा पाळणा तयार करून बालकांवर प्रयोग केले व १९५८ साली ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९६८ साली अमेरिकेत ल्यूसी व सहकाऱ्यांनी प्रकाश दिलेल्या आणि न दिलेल्या बालकांची तुलना केली. त्यानंतर हा उपचार सर्वत्र पसरला.

प्रकाश नेमके काय करतो? बिलिरुबिनचा रेणू दुमडलेला असतो. पाण्याशी जुळणारे त्याचे भाग आत दडलेले असतात. सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषला की रेणूचा आकार बदलतो आणि ते भाग उघडे पडतात. मग यकृताच्या प्रक्रियेवाचूनही तो पित्तातून व मूत्रातून बाहेर पडू शकतो. म्हणूनच आजही बालकाला डोळ्यांवर पट्टी बांधून, उघड्या अंगाने निळ्या प्रकाशात ठेवतात.

परंतु घरी बालकाला उन्हात ठेवणे हा काविळीवरचा उपचार नव्हे. कातडी भाजते, अंग तापते किंवा गारठते आणि प्रकाशाचे मापही राहत नाही. काविळीची शंका येताच डॉक्टरांना दाखवावे.

करून पाहा : पांढरा फडका हळदीच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. त्यावर काळ्या कागदाचा त्रिकोण टाचून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. कागद काढल्यावर काय दिसते? हळदीतील रंगद्रव्य वेगळे आहे व त्याच्यावरील क्रियाही वेगळी आहे. पण सिस्टर वॉर्ड यांना दिसलेला त्रिकोण तुम्हालाही दिसेल.

तो बालकाच्या अंगावर उमटला, तेव्हा बिलिरुबिनवरील प्रकाशाची क्रिया कोणी शोधतही नव्हते. रोज बालकांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, त्यांची दुपटी बदलणाऱ्या परिचारिकेच्या नजरेने तो टिपला आणि त्याचे कारणही बरोबर ओळखले.